मधल्या रस्त्याचे प्रवासी

एका शहराला एक स्टँड असतो, हे कंट्रोलरसाहेबांचं मत नव्हतं, श्रद्धा होती. उभी हयात त्यांनी बस डेपोच्या फाटकाशी गाड्या सोडण्यात घालवली. गाडी फाटकाशी आली की तिला एकदा पुढून बघायचं, एकदा मागून बघायचं, रस्ता मोकळा आहेसं दिसलं की पाठीवर दोन थापा मारायच्या. थाप, थाप. गाडी चालली. आणि गंमत बघा, आयुष्यभर एवढ्या गाड्या सोडल्या, पण त्यातल्या एकीतही हा गृहस्थ कधी बसला नाही. बसणार कशाला? घर डेपोच्या भिंतीला चिकटून. जगाने जायचं आणि आपण सोडायचं, अशी सरळ वाटणी होती.

तर अशा माणसाने मोबाइलवर स्वतःच्या अंगठ्याने विमानाचं तिकीट काढलं. पहिलं विमान ज्या शहरात उतरतं त्याच शहरातून दुसरं सुटतं, शहराचं नाव दोन्हीकडे एकच, मग आणखी काय बघायचं असतं माणसाने? त्या शहराने या टोकाला एक आणि त्या टोकाला दुसरा असे दोन विमानतळ बांधून ठेवलेत आणि मध्ये अख्खं शहर पसरून ठेवलंय, याला कंट्रोलरसाहेब काय करणार! तिकिटावर तसं लिहिलं होतं म्हणे. पण बारीक अक्षरात. आणि बारीक अक्षर ही छापण्याची गोष्ट आहे, वाचण्याची नव्हे, असं त्यांचं पहिल्यापासून म्हणणं.

तिकीट स्वतः काढायचं कारण म्हणजे लेक. तिला घरात अजून छकुली म्हणतात. चाळिशी उलटलेली, हाताखाली वीसेक माणसं, सगळी तिला चळाचळा कापतात, आणि बाप फोनवर ओरडतो, "छकुले, जेवलीस का?" तर या छकुलीने गेलं वर्षभर एकच धोशा लावला होता. आईबाबांनी घर विकावं आणि कायमचं तिच्याकडे येऊन राहावं. निमित्त एवढंच झालं की एका संध्याकाळी किल्ली बाहेरून दाराला तशीच लटकत राहिली आणि दोघं आत शांतपणे झोपली. सकाळी दूधवाल्याने किल्ली हातात आणून दिली. ही बातमी छकुलीपर्यंत कोणी पोचवली याचा तपास अजून चालू आहे.

"बाबा, तुमच्याच्याने आता एकट्याने होत नाही," ती म्हणाली. "घर बघायला गिऱ्हाईकही पाठवते."

"माझ्याच्याने होत नाही? मी डेपो चालवलाय!"

"डेपो चालवलात. घर आई चालवते. बरं, असं करा. मी न्यायला येणार नाही, कोणाला पाठवणारही नाही. तुम्ही दोघं आपापले माझ्याकडे येऊन दाखवा. नीट पोचलात तर घराचं नाव काढणार नाही. कुठे चुकलात, हरवलात, मला फोन करावा लागला, तर येतानाच किल्ल्या माझ्या हातात द्यायच्या."

"मंजूर," कंट्रोलरसाहेब म्हणाले. आतून वहिनी म्हणाल्या, "मला कोणी विचारलं का?" पण फोन ठेवला गेला होता. (वहिनी म्हणजे त्यांची बायको. साऱ्या इमारतीची ती वहिनी, म्हणून आपलीही.)

तिकिटातली भानगड उघडकीला आणली ती समोरच्या दारातल्या विमावाल्याने. हा मनुष्य विम्याच्या पॉलिस्या विकत असल्यामुळे त्याला प्रत्येक गोष्टीत आधी अपघात दिसतो. त्याने चष्मा कपाळावर चढवला, तिकीट डोळ्यांशी धरलं आणि पेशंट हातचा गेल्यासारखी मान हलवली.

"साहेब, इथे उतरणार तुम्ही. आणि उडणार इथून. हे दोन वेगळे आहेत."

"काय वेगळे?"

"विमानतळ. मध्ये शहर आहे. माझ्या साडूचं असंच झालं होतं."

"मग काय झालं त्याचं?"

"त्याने तिथेच नोकरी धरली," विमावाला म्हणाला.

मग सल्ल्यांचा जो पूर आला तो विचारू नका. तळमजल्यावरचा शिंपी म्हणाला, बॅगा एकात एक शिवून देतो, एकच ओझं होईल. त्याच्या बायकोने सांगितलं, घाबरल्यासारखं दिसू नका, घाबरलेल्या माणसाला टॅक्सीवाले दुसऱ्या शहरात नेतात. विमावाल्याचा सल्ला सगळ्यांत वजनदार होता. "साहेब, चोर आधी पुरुषाचा खिसा बघतो. पाकीट, फोन, ओळखपत्र, तिकीट, सगळं वहिनींच्या पर्समध्ये. तुमच्याकडे फक्त कंगवा ठेवा." हा सल्ला साहेबांना इतका पटला की त्यांनी तो तंतोतंत पाळला. पुढे जे झालं त्यात या कंगव्याचा उपयोग शून्य झाला हे आत्ताच सांगून टाकतो, नाहीतर तुम्ही वाट बघत बसाल.

साहेबांनी विमान कंपनीलाही फोन लावला. पहिल्या विमानाच्या कंपनीतली मुलगी गोड आवाजात म्हणाली, "सर, आमच्या विमानतळाच्या दाराबाहेर पडलात की तुम्ही आमचे प्रवासी नाही." दुसऱ्या कंपनीतला मुलगा त्याहून गोड. "सर, आमच्या दाराच्या आत आलात की तुम्ही आमचे प्रवासी."

"आणि मधल्या रस्त्यावर मी कोणाचा?"

मुलाने जरा विचार केला असावा. "तुमचे तुम्ही, सर. आणखी काही मदत करू शकतो का?"

तिकीट बदलायचं तर छकुलीला सांगावं लागलं असतं. साहेबांनी मिशीवरून हात फिरवला आणि जाहीर केलं, "रस्ताच आहे ना मध्ये? रस्ता मला नवा नाही."

पहिलं विमान वेळेवर उतरलं. साहेबांना त्याचा जरा रागच आला, कारण उशीर झाला असता तर पुढचं सगळं विमानावर ढकलता आलं असतं. बॅगा फिरत्या पट्ट्यावर आल्या. वहिनींनी लांबूनच आपली बॅग ओळखली, साहेबांनी दुसऱ्याचीच उचलली, मालकाशी थोडी झटापट झाली, मग सगळं शांत झालं. बाहेर दोन विमानतळांना जोडणारी खास बस उभी होती. साहेबांनी तिला पुढून बघितलं, मागून बघितलं, चाकावर बूट आपटून बघितला.

"अहो, चढा आता," वहिनी म्हणाल्या. "तपासणी नाही करायची, बसायचंय."

बसली दोघं. वहिनी खिडकीत, साहेब दाराकडच्या बाजूला. ड्रायव्हर कोवळा पोर, नुकता लागलेला, स्टिअरिंग असं धरलेलं की सुटलं तर ओरडेल. शहर मोठं देखणं होतं. कपडे वाळत घातलेल्या गच्च्या, चपलांची दुकानं, शाळेच्या भिंती, दवाखान्यासमोरच्या रांगा. अर्धी वाट सरली आणि पाण्याची पाइपलाइन टाकायला खणलेला रस्ता आडवा आला. एकीकडे खड्डा, दुसरीकडे फर्निचरचा टेम्पो, त्यातून सोफा बाहेर लोंबतोय, आणि मधल्या फटीत आमची बस बूच बसवावं तशी बसली. मागून भोंगे. पुढून शिव्या. ड्रायव्हरने एकदा पुढे घेतली, एकदा मागे घेतली आणि मग हात मांडीवर ठेवून देवाचं नाव घेतलं.

साहेबांचे पाय आपोआप उठले.

"अहो, कुठे?"

"आलोच."

"आलोच म्हणून गेलेला तुमच्यासारखा माणूस आलाय कधी?"

पण ते ऐकायला साहेब गाडीत होतेच कुठे? ते खाली उतरून बसच्या मागे पाय रोवून उभे होते आणि त्यांच्या आवाजाला डेपोतली धार आली होती. "येऊ दे! येऊ दे! येऊ दे... डावीकडे तोड! अजून तोड! बस्स! आता सरळ कर. ए सोफा, तुझा पाय आत घे! घे पुढे. हळू. लेकराला अंघोळ घालतोयस असं समज. घे, घे, घे..." इंच इंच करत ती बस त्या फटीतून अशी निघाली की खणणाऱ्या मजुरांनी फावडी खाली ठेवून टाळ्या वाजवल्या. बसमधल्या लोकांनी खिडकीतून हात काढून दाद दिली. वहिनींनाही, नाही म्हटलं तरी, क्षणभर नवऱ्याचा अभिमान वाटला.

रस्ता मोकळा झाला. साहेबांनी पुढे बघितलं, मागे बघितलं, आणि बसच्या पाठीवर दोन थापा मारल्या.

थाप, थाप.

बस चालली.

साहेब कमरेवर हात ठेवून समाधानाने बघत राहिले. गाडीने वळण घेतलं. छान घेतलं. दिसेनाशी झाली. साहेबांनी हात झटकले आणि केबिनकडे जायला वळले.

केबिन नव्हती.

तिथे सोफा होता. सोफ्यावर टेम्पोवाला बसला होता. त्याने विचारलं, "तुम्ही त्या बसमध्ये नव्हता का?"

माणसाच्या आयुष्यात असा एक क्षण येतो की त्याला आपण कोण आहोत हे स्वच्छ दिसतं. साहेबांना दिसलं की आपण परक्या शहरात भर रस्त्यात कंगवा घेऊन उभे आहोत. पाकीट, फोन, ओळखपत्र आणि बायको, चारही वस्तू आपण स्वतःच्या हाताने रवाना केल्या आहेत, आणि तेही वेळेवर. बायकोचा नंबर? तो पाठ कशाला असेल! फोनवर एक आकडा दाबला की वहिनी बोलायच्या. छकुलीचा दोन दाबला की. आठवला असता तरी लावता आला नसता. लावला की घर गेलं. डेपोच्या भिंतीला टेकलेलं ते दोन खोल्यांचं घर, सकाळी पहिल्या गाडीचं इंजिन घरघरलं की ज्याच्या भांड्यांची फळी थरथरते, आणि तो आवाज आला नाही तर ज्या घरात दोघांनाही जाग येत नाही, ते.

"टॅक्सी मिळेल?" त्यांनी विचारलं.

"या गर्दीत? टॅक्सी येईपर्यंत पाइपलाइनला पाणी येईल," टेम्पोवाला म्हणाला.

इतक्यात मागून एक छोटी मोटार आचके देत आली आणि त्याच फटीच्या तोंडाशी येऊन मेली. टपावर पाटी, "शिकाऊ वाहन". आत एक पन्नाशीच्या बाई घामाघूम झालेल्या, आणि शेजारी ड्रायव्हिंग स्कूलचा मास्तर, त्याच्या पायाखाली वेगळा ब्रेक.

"क्लच! क्लच! बाई, कितीदा सांगायचं! तुम्ही दाताच्या डॉक्टर ना? दात असे उपटता का?"

"दात ओरडत नाहीत हो मागून!" बाई रडकुंडीला आल्या होत्या.

साहेबांना राहवेना. ते पुढे झाले, मोटारीसमोर उभे राहिले आणि हलक्या आवाजात म्हणाले, "बाई, माझ्याकडे बघा. मागे कोणी नाही. हा रस्ता तुमचा आहे. येऊ द्या. येऊ द्या. थोडं उजवीकडे. वा! काय हात आहे!" मोटार लोण्यातून सुरी जावी तशी त्या फटीतून निघाली. या वेळी मात्र साहेबांनी थाप मारली नाही. उचललेला हात त्यांनी दुसऱ्या हाताने धरून ठेवला आणि काचेशी वाकले. "बाई, विमानतळ कुठल्या बाजूला? नवा नव्हे, जुना. की जुना नव्हे, नवा. ज्याच्यात मी आत्ता नव्हतो तो."

सगळी हकीकत ऐकून डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "बसा मागे."

"परकं माणूस शिकवणीच्या गाडीत बसवायला परवानगी नाही," मास्तर म्हणाला. "आणि विमानतळ आपल्या अभ्यासक्रमात नाही. आज आपलं यू-टर्न आहे."

"मग मी उतरते. गाडी तुम्ही न्या," बाईंनी दार उघडलं. मागचे भोंगे पुन्हा सुरू झाले.

मास्तरने मागे बघितलं, पुढे बघितलं. "बसा साहेब. पण वाटेत यू-टर्न लागला तर घ्यावा लागेल."

डेपोतला एक नियम आहे, तो तुम्हीही लक्षात ठेवा. निघणाऱ्या ड्रायव्हरला कधी रागवायचं नाही. रागवायचं ते परत आल्यावर. साहेबांनी मागच्या सीटवरून दोन सीटच्या मधून डोकं पुढे काढलं आणि बाईंशी असं बोलायला लागले की जणू बाई वीस वर्षं घाटात गाडी चालवतायत. "रिक्षा येतेय ना, येऊ द्या, तीही घरी चाललीय. आता गिअर टाका. तिसरा."

"तिसरा मी कधी टाकला नाही!"

"तिसरा त्यांना अजून शिकवलाच नाही!" मास्तर किंचाळला.

"म्हणूनच नवा आहे. टाका."

बाईंनी तिसरा टाकला आणि आनंदाने अशी किंकाळी फोडली की सिग्नलवरचा पोलीस सलाम ठोकून मोकळा झाला. मग चौथा पडला. आता हे तुम्हाला खरं वाटणार नाही, पण मास्तर साक्षीला आहे, हवं तर त्याला विचारा: उड्डाणपुलावर त्या शिकाऊ मोटारीने एका मोठ्या बसला मागे टाकलं. साहेबांनी सहज मान वर केली. बसच्या खिडकीत वहिनी होत्या.

वहिनींचं त्या वेळी काय चाललं होतं ते नंतर कळलं. त्यांनी ड्रायव्हरला बस थांबवायला सांगून पाहिलं होतं. पोर म्हणालं, "आजी, मध्ये थांबा नाही. आणि दोन थापा पडल्या की निघायचं असतं. मला तर वाटलं साहेब आमच्याच खात्याचे." वहिनी रडायच्या बेतात आल्या आणि नेमका पर्समध्ये फोन वाजला. छकुली.

"आई, सगळं ठीक? बाबा कुठायत?"

वहिनी आयुष्यात खोटं बोललेल्या नाहीत. हा त्यांचा एक मोठाच अवगुण. काय सांगावं म्हणून त्यांनी खिडकीतून बाहेर बघितलं, तर खालून एक मोटार भरधाव चाललीय, एक अनोळखी बाई हसतायत, आणि त्यांच्या खांद्याशी डोकं काढून आपला नवरा त्यांच्याहून मोठ्याने हसतोय.

"बाबा ना?" वहिनी म्हणाल्या. "बाबा आमच्या पुढे गेलेत."

बस विमानतळावर शिरली तेव्हा साहेब थांब्यावर कमरेवर हात ठेवून उभे होतेच. ड्रायव्हर उतरला तसं त्यांनी घड्याळाकडे बघितलं आणि परत आल्यावरचं रागावणं उरकून घेतलं. "उशीर झाला. पुलावर तिसऱ्यात काय चालवतोस? चौथा टाकायचा." वहिनी बॅग घेऊन खाली उतरल्या. नवऱ्याकडे पायापासून डोक्यापर्यंत बघितलं.

"ती बाई कोण?"

"दाताची डॉक्टर आहे. फार हुशार. एका दिवसात चौथ्या गिअरपर्यंत आली."

"तुम्ही मात्र अजून पहिल्यातच," वहिनी म्हणाल्या आणि चालू लागल्या. पण चालताना त्यांनी नवऱ्याची बाही घट्ट धरली होती, ती पुढे सुटली नाही.

काउंटरवरच्या मुलीने नुकतीच "बंद" ची पाटी लावली होती. समोर एक कुटुंब तिच्यावर तोंड टाकून निघून गेलं होतं आणि तिच्या डोळ्यांत पाणी तरळत होतं.

"ताई, एवढं एकदा," वहिनी काकुळतीला आल्या. "आमचं घर जाईल गं. आता तुला कसं सांगू!"

आणि इथे साहेबांनी स्वतःच्या पायावर धोंडा मारून घेतला. "अगं, तिला काय म्हणतेस? वेळ म्हणजे वेळ. एवढ्या वर्षांत फाटक लागल्यावर मी कुणासाठी उघडलं? माणसं हातापाया पडली, लग्नं चुकली लोकांची, मी गाडी सोडलीच. या जागेवर उभं राहिलेल्या माणसाचे हाल तुला कळायचे नाहीत. नेहमी वाईट तोच ठरतो." मग मुलीकडे वळून ते ताठ उभे राहिले. "बाई, तुमचं बरोबर आहे. आमचं चुकलं."

वहिनींनी कपाळाला हात लावला.

मुलगी बघतच राहिली. दिवसभरात तिचं बरोबर आहे असं तिला कोणी म्हटलंच नव्हतं. तिने डोळे पुसले, इकडेतिकडे बघितलं आणि हळूच म्हणाली, "बॅग विमानाच्या पोटात टाकता येणार नाही आता. पण हातात घेऊन पळाल का?"

कंट्रोलर पळत नसतो. कंट्रोलरसमोर लोक पळतात. पण त्या दिवशी त्या चकचकीत फरशीवरून कंट्रोलरसाहेब पळाले, बॅग छातीशी धरून, आणि पुढे वहिनी, चपला हातात घेऊन. विमानाच्या दारातल्या मुलाने दोघांना आत ओढलं आणि दार लावलं. सीटवर बसल्यावर साहेबांनी खिडकीतून मागे पळणारी धावपट्टी बघितली. मग म्हणाले, "फाटक लागल्यावर आपण आत आलो आणि गाडी सुटली. असं पहिल्यांदाच होतंय." वहिनींनी त्यांचा पट्टा लावून दिला.

न्यायला येणार नाही म्हणालेली छकुली विमानतळाबाहेर उभी होतीच. आईला मिठी मारली, बापाला मिठी मारली, बॅग डिकीत टाकली. गाडी रस्त्याला लागली तशी म्हणाली, "काही त्रास झाला?"

"छे! त्रास कसला," साहेब घाईघाईने म्हणाले. "दोन विमानतळ, मध्ये रस्ता. किरकोळ."

पण वहिनींनी सांगायला सुरुवात केली. सगळं सांगितलं. सोफा, खड्डा, दोन थापा, कंगवा, डॉक्टरीणबाई, तिसरा गिअर. काही गाळलं नाही. उलट काही ठिकाणी घातलंच. साहेब मागच्या सीटवर बसल्या जागी बुटके होत चालले होते. एका हाताने खिशातल्या घराच्या किल्ल्या चाचपत होते. (किल्ल्या तेवढ्या विमावाला सांगायचा विसरला होता.)

छकुलीने गाडी कडेला घेतली. थांबवली. स्टिअरिंगवर डोकं टेकवलं. तिचे खांदे हलत होते.

"छकुले," साहेब म्हणाले, "रडू नकोस. देतो किल्ल्या."

छकुलीने डोकं वर केलं, तर ती हसून हसून लाल झालेली. "म्हणजे बाबा हरवले होते!"

"हरवले कुठे?" वहिनी तडकल्या. "माझ्याआधी पोचले! आणि मी काय हरवले होते? बॅग, तिकिटं, तो काउंटर, सगळं आम्ही दोघांनीच निभावलं ना? तुला फोन केला का? नाही ना केला? मग घराचं नाव काढायचं नाही. ठरलं म्हणजे ठरलं."

आईचा असा आवाज छकुलीने जन्मात ऐकला नव्हता. साहेबांनीही नव्हता. ते सरसावून सरळ बसले.

"बरं बाई, नाही काढत," छकुली डोळे पुसत म्हणाली. "गिऱ्हाइकाला नको म्हणून कळवते. पण परतीचं तिकीट मी काढणार. सरळ विमानाचं. मध्ये उतरायचंच नाही."

"सरळ कशाला?" वहिनी म्हणाल्या. "त्याच वाटेने काढ. रस्ता आता माहितीचा झालाय. फक्त बसमध्ये दाराशी मी बसणार, आणि ह्यांना खिडकीत कोंबणार."